अवकाशातील प्रारणाचे निरीक्षण

कृत्रिम उपग्रह व अवकाशयाने यांच्याभोवती असणाऱ्या उच्च ऊर्जेच्या विद्युत् भारित कणांचे सतत मापन करणे आणि त्या मापनाच्या आधारे यानावरील उपकरणांचा बचाव करणे, याला अवकाशातील प्रारणाचे निरीक्षण असे म्हणतात. प्रारण ही संज्ञा सामान्यतः प्रकाश, क्ष-किरण यांसारख्या तरंगरूपी ऊर्जेसाठी वापरली जाते. परंतु येथे तीत मुख्यत्वे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व जड अणूंची केंद्रे अभिप्रेत आहेत. धोक्याच्या काळात नाजूक उपकरण बंद करणे किंवा झाकणे, बिघाड झाल्यास त्याचे कारण निश्चित करणे आणि पुढील यानांचा आराखडा करताना विश्वासार्ह आकडे हाती असणे, या तीन गोष्टींसाठी हे निरीक्षण करावे लागते. वरवर पाहता हे काम सोपे वाटते : एक मापक बसवावा, मोजणी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की उपकरण बंद करावे. प्रत्यक्षात मापक ज्या कणांची मोजणी करतो तेच कण उपकरणाला बाधतात असे नाही. या विषयाचा १९५८ पासूनचा इतिहास बव्हंशी ही तफावत उमगण्याचा इतिहास आहे.

कणांचे उगम : पृथ्वीभोवतीच्या अवकाशात हे कण तीन ठिकाणांहून येतात. पहिला उगम म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहिलेल्या कणांचे पट्टे. त्यांना व्हॅन ॲलन पट्टे असे म्हणतात. आतील पट्टा भूपृष्ठापासून सु. १,००० ते ६,००० किमी. उंचीवर असून त्यात दहा ते काही शे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन असतात. बाहेरील पट्टा सु. १३,००० किमी.पासून ६०,००० किमी.पर्यंत पसरलेला असून तो मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा आहे. आतील पट्टा बराचसा स्थिर आहे. बाहेरील मात्र सूर्याच्या लहरीनुसार काही तासांत शेकडो पटींनी वाढतो वा रोडावतो. ऑगस्ट २०१२ मध्ये सोडलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या दोन यानांनी कामाला लागताच सप्टेंबर महिन्यात सु. चार आठवडे टिकलेला तिसरा पट्टा दाखविला, यावरून या प्रदेशाची चंचलता ध्यानात येते.

दुसरा उगम सूर्य हा होय. सौर ज्वाला आणि सूर्याच्या किरीटातून होणारी द्रव्याची उत्सर्जने यांमुळे प्रोटॉनांचे लोंढे अवकाशात फेकले जातात व ते तासांपासून दिवसांपर्यंत टिकतात. तिसरा उगम म्हणजे आकाशगंगेतून येणारे विश्वकिरण. त्यांची संख्या अल्प असली, तरी त्यांतील लोखंडासारख्या जड अणुकेंद्रांची ऊर्जा एवढी प्रचंड असते की, यानाच्या भिंतींचा त्यांना अडथळा होत नाही.

उपकरणांवरील परिणाम : कणांमुळे होणारी हानी एकाच प्रकारची नसते व हाच या विषयातील कळीचा मुद्दा आहे. अर्धसंवाहक घटकातील सिलिकॉन डाय-ऑक्साइडाच्या पातळ निरोधक थरात आयनीकरणामुळे विद्युत् भार साचत जातो आणि ट्रँझिस्टर ज्या विद्युत् दाबाला सुरू व्हावयास हवा तो दाब हळूहळू सरकतो. ही हानी आयुष्यभरात शोषलेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असते. मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की ती एक ग्रे होय. जुन्या रॅड या एककात ती १०० रॅड भरते आणि अवकाश अभियंत्यांच्या बोलण्यात अजूनही रॅडच अधिक रूढ आहे.

दुसऱ्या प्रकारात प्रोटॉन स्फटिकजालकातील अणूंना त्यांच्या जागेवरून ढकलून देतात. असे दोष सौर घटांची कार्यक्षमता घटवितात आणि प्रतिमा घेणाऱ्या प्रयुक्तींत विद्युत् भार अडकविणारे सापळे निर्माण करतात. तिसरा प्रकार एकट्या कणाने घडविलेल्या घटनेचा. एकच जड अणुकेंद्र संगणकाच्या स्मृतीतील घटकातून गेले, तर तेथे साठविलेल्या शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. डी. बाइंडर, ई. सी. स्मिथ व ए. बी. होल्मन यांनी १९७५ मध्ये दळणवळण उपग्रहांच्या एकूण १७ वर्षांच्या कार्यकालातील चार अनाकलनीय चुकांचा उलगडा विश्वकिरणांतील जड केंद्रांच्या साहाय्याने केला. त्यावेळी ही बाब किरकोळ वाटली. पुढे घटक जसजसे लहान होत गेले तसतसा एक अंक बदलण्यास लागणारा विद्युत् भारही कमी झाला आणि ही चूक नित्याची होऊन बसली. सरी विद्यापीठाच्या यूओसॅट-२ या १९८४ मधील उपग्रहाच्या स्मृतीत पडलेल्या चुका ज्या ज्या ठिकाणी घडल्या ती ठिकाणे नकाशावर मांडली असता त्यांची गर्दी दक्षिण अटलांटिक महासागरावर दिसून आली. म्हणजे स्मृती हीच एक प्रकारचा मापक ठरली. चौथा प्रकार विद्युत् भार साचण्याचा असून त्याचे विवेचन पुढे भूस्थिर कक्षेच्या संदर्भात केले आहे.

आरंभ : या विषयाची सुरुवात एका मौनाने झाली. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ हा ३१ जानेवारी १९५८ रोजी सोडण्यात आला. त्यावर आयोवा विद्यापीठातील जे. ए. व्हॅन ॲलन यांनी विश्वकिरण मोजण्यासाठी एक गायगर-म्यूलर गणित्र बसविले होते. उपग्रहाची कक्षा सु. ३६० किमी.पासून सु. २,५५० किमी.पर्यंत होती. कमी उंचीवर मोजणी अपेक्षेप्रमाणे येई. उपग्रह वर गेला की ती शून्यावर येई. विश्वकिरण वर जाताना नाहीसे होण्याचे काहीच कारण नव्हते. गणित्र बिघडले म्हणावे, तर खाली आल्यावर ते पुन्हा नीट चाले.

गायगर-म्यूलर नळीत कण शिरला की वायूचे आयनीकरण होऊन विद्युत् स्पंद निर्माण होतो. त्यानंतर अल्प काळ नळी निष्क्रिय असते. ती सावरण्याआधीच पुढचे कण येत राहिले, तर स्पंद इतके क्षीण होतात की, मोजणी करणाऱ्या विद्युत् मंडलाला ते जाणवतच नाहीत. सी. ई. मॅकइल्वेन यांनी तशीच दुसरी नळी क्ष-किरण यंत्रासमोर धरून तीव्र प्रारणात मोजणी खरोखर शून्यावर येते हे दाखविले. २६ मार्च १९५८ रोजी गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर फीत नोंदक असल्यामुळे संपूर्ण परिभ्रमणाची नोंद मिळाली आणि वाढत जाणारी मोजणी, मग शून्य, मग पुन्हा मोजणी असा क्रम स्पष्ट झाला. शून्य म्हणजे कणांचा अभाव नसून अतिरेक होता. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. आजही प्रत्येक मापकाच्या बाबतीत तो किती तीव्रतेला संपृक्त होतो आणि त्यानंतर काय दाखवितो, हे उड्डाणापूर्वीच तपासले जाते.

उपग्रह प्रारणाने निकामी होऊ शकतो हे चार वर्षांनी कळले आणि ते मानवी कृतीमुळे कळले. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर सु. ४०० किमी. उंचीवर १.४ मेगॅटन शक्तीचा अणुस्फोट केला. ‘स्टारफिश प्राइम’ या नावाच्या या चाचणीत निर्माण झालेले उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून कृत्रिम पट्टा तयार झाला व त्याचे अवशेष काही वर्षे टिकले. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार-१ हा दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. नोव्हेंबरमध्ये त्याने जमिनीवरून दिलेल्या आज्ञा स्वीकारणे थांबविले. टेलस्टारवर बेल प्रयोगशाळेने कण मोजणारे अभिज्ञातकही बसविले होते, त्यामुळे त्याला किती प्रारण मिळाले याचा हिशेब उपलब्ध होता. ट्रँझिस्टरांच्या कवचातील वायूचे आयनीकरण होऊन पृष्ठभाग दूषित होतो, असे जमिनीवरील प्रयोगांत आढळले. घटकांवरील विद्युत् दाब काढून घेण्याची युक्ती योजून जानेवारी १९६३ मध्ये उपग्रह काही आठवड्यांपुरता पुन्हा चालू करण्यात आला. फेब्रुवारीत तो कायमचा थांबला. ब्रिटनचा एरिअल-१ हा उपग्रहही याच पट्ट्यामुळे जायबंदी झाला. मापक जवळ असणारा उपग्रह मरताना कारण सांगून जातो, हा टेलस्टारचा लाभ; इतरांच्या बाबतीत अनुमानावर भागवावे लागले.

मापन साधने : गायगर गणित्र कण आला एवढेच सांगते, कोणता आला व किती ऊर्जेचा हे सांगत नाही. म्हणून नंतरच्या मापकांत सिलिकॉनाचे अभिज्ञातक प्रचारात आले. सिलिकॉनात एक इलेक्ट्रॉन-विवर जोडी निर्माण होण्यास सरासरी सु. ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते; वायूत त्याच्या सात-आठ पट लागते. त्यामुळे स्पंदाच्या आकारावरून कणाने सोडलेली ऊर्जा बरीच अचूक काढता येते. अशा चकत्या एकामागे एक ठेवल्या, तर पातळ चकतीत कण थोडी ऊर्जा सोडतो व जाड चकतीत उरलेली. या दोहोंच्या तुलनेवरून तो इलेक्ट्रॉन, प्रोटॉन की हीलियमाचे केंद्र हे ओळखता येते. बाजूने शिरणारे कण वगळण्यासाठी भोवती प्रस्फुरक द्रव्याचे कवच ठेवतात. या मांडणीला कणदूरदर्शक म्हणतात, जरी तीत भिंग वा आरसा काहीच नसते.

एकूण मात्रा मोजण्यासाठी याहून साधी युक्ती वापरतात. निरोधक थर मुद्दाम जाड ठेवलेला ट्रँझिस्टर यानावर बसवितात आणि तो सुरू होण्याचा दाब किती सरकला हे वेळोवेळी वाचतात. जी हानी टाळावयाची तिचाच येथे मापनासाठी उपयोग होतो. भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या ८ मे २००३ रोजी सोडलेल्या जीसॅट-२ या भूस्थिर उपग्रहावर प्रारणाची एकूण मात्रा मोजणारा व पृष्ठभागावरील विद्युत् भार मोजणारा असे दोन मापक होते. यूरोपीय अवकाश संस्थेने एकाच नमुन्याचा प्रमाणित मापक इंटिग्रल, रोझेटा, हर्शेल, प्लांक अशा अनेक यानांवर बसविला. मापक एकसारखा असल्याने निरनिराळ्या कक्षांतील आकड्यांची थेट तुलना होऊ शकते. या शिस्तीचे महत्त्व नव्या शोधांइतके बोलले जात नाही, पण आराखडे करणाऱ्यांना तिचा उपयोग त्याहून अधिक होतो.

दक्षिण अटलांटिक विसंगती : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अक्ष परिभ्रमणाच्या अक्षाशी कललेला आहे, शिवाय त्याचे केंद्र भूकेंद्रापासून सु. ५०० किमी. बाजूला सरकलेले आहे. त्यामुळे ब्राझील व त्यालगतच्या दक्षिण अटलांटिक महासागरावर क्षेत्र क्षीण असून आतील पट्टा तेथे सु. २०० किमी. उंचीपर्यंत खाली येतो. इतरत्र सुरक्षित असणारा कमी उंचीवरील उपग्रह येथून जाताना काही मिनिटे पट्ट्यातच असतो. हबल दूरदर्शक या टापूत निरीक्षणे घेत नाही. टापूच्या सीमा आधी माहीत असल्याने वेळापत्रक बनविता येते. परंतु ही विसंगती वर्षाला सु. ०.३° इतकी पश्चिमेकडे सरकत असल्यामुळे जुन्या नकाशावर विसंबता येत नाही. सौर क्रियाशीलतेनुसार तिची व्याप्तीही बदलते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोलशास्त्रीय उपग्रहाच्या बाबतीत प्रथम कक्षाच विचारपूर्वक निवडण्यात आली. सु. ६५० किमी. उंचीची ही कक्षा विषुववृत्ताशी केवळ ६° कललेली असल्यामुळे उपग्रह विसंगतीच्या गाभ्यातून न जाता तिच्या उत्तर कडेतून जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी विद्युत् भारित कणांचा एक स्वतंत्र मापक तयार केला. थॅलियममिश्रित सीझियम आयोडाइडाच्या लहान स्फटिकात कण शिरला की प्रकाशाची क्षीण चमक उमटते व ती सिलिकॉन प्रकाशद्विप्रस्थाने नोंदली जाते. मोजणी ठरविलेल्या सीमामूल्यापलीकडे गेली की क्ष-किरण उपकरणांना इशारा मिळतो. याच संस्थेत बनलेल्या मोठ्या प्रमाणी गणित्रांत वायूवर उच्च विद्युत् दाब असतो. कणांच्या वर्षावात तो दाब तसाच राहिला, तर ठिणग्या पडून तारा खराब होण्याचा संभव असतो. म्हणून तो त्या अवधीत खाली आणला जातो. येथे मापक व वेळापत्रक ही दोन्ही साधने एकमेकांना पूरक ठरतात. सीमा सरकली, तर मापक ती दाखवितो. मापक बिघडला, तर वेळापत्रक हाताशी असते.

चंद्रा वेधशाळेचा अनुभव : मापकाची मोजणी व उपकरणाची हानी यांतील तफावत सर्वांत ठळकपणे दिसली ती सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेच्या बाबतीत. २३ जुलै १९९९ रोजी ती अवकाशात नेण्यात आली. तिची आरंभीची कक्षा सु. १०,००० किमी.पासून सु. १,४०,००० किमी.पर्यंत लांबट होती आणि एका परिभ्रमणास सु. ६४ तास लागत. यांतील पुष्कळ काळ ती पट्ट्यांच्या बाहेर असते, पण प्रत्येक परिभ्रमणात एकदा तिला पट्ट्यांतून जावेच लागते. तिच्यावर कील विद्यापीठाच्या आराखड्याप्रमाणे बनविलेला ‘एफिन’ हा कणदूरदर्शक होता. त्याची मोजणी वाढली की यानावरील संगणकाने उपकरणे सुरक्षित स्थितीत न्यावीत अशी योजना होती.

वेधशाळेचे मुख्य प्रतिमाग्राहक उपकरण ‘एसिस’ हे सीसीडी चकत्यांचे आहे. अशा दहा चकत्यांपैकी आठ समोरून व दोन पाठीमागून क्ष-किरण स्वीकारतात. सप्टेंबर १९९९ च्या आरंभी असे आढळले की, समोरून क्ष-किरण स्वीकारणाऱ्या आठही चकत्यांची ऊर्जा ओळखण्याची क्षमता एकाएकी घसरली आहे. पाठीमागून स्वीकारणाऱ्या दोन चकत्या मात्र जशाच्या तशा होत्या. या विषमतेतच कारणाचा धागा होता.

सीसीडीत क्ष-किरणाने मोकळा केलेला विद्युत् भार एका ओळीतून पुढच्या ओळीत, असा शेकडो पायऱ्यांनी कडेपर्यंत वाहून नेला जातो. प्रत्येक पायरीला भाराचा केवळ दहा हजारावा भाग मागे राहिला, तरी हजार पायऱ्यांनंतर सु. दशांश भार हरवतो व मोजलेली ऊर्जा तितकी चुकते. हा भार ज्या अरुंद मार्गाने वाहतो तो चकतीच्या पुढील पृष्ठभागाखाली एखाद-दोन मायक्रोमीटर अंतरावर असतो. सु. एक ते दोन लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन सिलिकॉनात जवळजवळ एवढ्याच खोलीवर थांबतो, आणि थांबताना सर्वाधिक नासधूस करतो. पाठीमागून येणाऱ्या अशा प्रोटॉनाला त्या मार्गापर्यंत पोहोचण्यास कित्येक मायक्रोमीटर सिलिकॉन ओलांडावे लागते, ते त्याच्या आवाक्याबाहेर असते. म्हणजे हानी करणारे कण अत्यंत दुबळे होते. एरवी त्यांना अडविण्यास पातळ पत्राही पुरतो.

मग ते आत आले कसे? दूरदर्शकाच्या आरशांवरून. क्ष-किरण परावर्तित व्हावेत म्हणून हे आरसे किरणांच्या दिशेशी अगदी लहान कोन करून ठेवलेले असतात. पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉनही त्याच कोनात आदळून, प्रकीर्णन पावून, थेट चकत्यांवर येत होते. उड्डाणापूर्वीच्या विश्लेषणात भिंती भेदून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या कणांचा विचार कसोशीने केलेला होता. उघड्या दारातून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या कणांचा झालेला नव्हता. पट्ट्यांतून जाताना उपकरण आरशांच्या केंद्राशीच ठेवलेले असल्याने अवघ्या काही परिभ्रमणांत ही हानी झाली. ‘एफिन’ने त्याचे काम चोख केले होते, परंतु तो सु. ५० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरील प्रोटॉन मोजत असे. ज्यांनी घात केला त्यांची ऊर्जा त्याच्या तीस-चाळीसाव्या हिश्श्याएवढी होती.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक वेळी पट्ट्यांत शिरण्यापूर्वी उपकरण केंद्रापासून बाजूला सरकविण्यात येऊ लागले आणि हानीचा वेग एकदम मंदावला. चकत्यांचे तापमान जानेवारी २००० पर्यंत टप्प्याटप्प्याने −१२०° से.पर्यंत उतरविल्याने सापळ्यांचा परिणामही अंशतः निवला. सौर वादळांतील कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांसाठी १९९७ मध्ये सोडलेल्या ‘एस’ या यानाच्या मापनांचा आधार घेण्यात आला, कारण ते याच ऊर्जापट्टीतील प्रोटॉन मोजत असे. तथापि हे यान पृथ्वीपासून सु. १५ लक्ष किमी.वर सौर वाऱ्यात आहे, पट्ट्यांविषयी ते काहीच सांगू शकत नाही. पुढे ‘एफिन’ सूर्याच्या उष्णतेने तापून त्याचे आकडे अविश्वसनीय होऊ लागल्यावर दुसऱ्या एका उपकरणाच्या संरक्षक कवचातील मोजणी, व नंतर ‘एसिस’ची स्वतःची मोजणी इशाऱ्यासाठी वापरण्यात आली. डिसेंबर १९९९ मध्ये गेलेल्या यूरोपीय एक्सएमएम-न्यूटन या यानाला हा धडा वेळेवर मिळाला. त्याच्या क्ष-किरण चकत्यांसमोरील गाळण्यांचे चक्र पट्ट्यांतून जाताना बंद ठेवण्यात येऊ लागले.

भूस्थिर कक्षा : दळणवळण व हवामान उपग्रहांची ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षा बाहेरील पट्ट्याच्या कडेला येते. येथे धोका इलेक्ट्रॉनांचा. दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे इलेक्ट्रॉन सु. २ मिमी. ॲल्युमिनियम भेदून आतील केबलींची आवरणे, मंडलपट्ट्या यांसारख्या निरोधकांत रुततात. तेथून भार सहज निघून जात नाही; तो साचत राहतो आणि विद्युत् क्षेत्र असह्य झाले की आतल्या आत वीज पडावी तसा विसर्ग होतो. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाच्या ॲनिक ई-१ व ॲनिक ई-२ या उपग्रहांची संवेगचक्रे नियंत्रित करणारी मंडले अशाच कारणाने बंद पडली व उपग्रह डगमगू लागले. ई-१ त्याच दिवशी पूर्ववत् झाला. ई-२ सावरण्यास ऑगस्ट महिना उजाडला. इंटलसॅट-के या उपग्रहालाही त्याच सुमारास असाच त्रास झाला.

या घटनेत लक्षणीय गोष्ट अशी की, इलेक्ट्रॉनांचा स्रोत त्या घटकेला एकाएकी वाढलेला नव्हता. तो आधीचे कित्येक दिवस चढा होता. अमेरिकेचे गोज मालिकेतील हवामान उपग्रह २० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरील इलेक्ट्रॉन अखंड मोजीत होते आणि आकडे सर्वांसमोर होते. परंतु क्षणिक तीव्रता पाहणाऱ्याला साठ्याचा धोका दिसत नाही. तेव्हापासून या कक्षेसाठी दिवसाभराची, किंबहुना अनेक दिवसांची बेरीज हा निकष अधिक महत्त्वाचा मानला जातो. आतापर्यंत आलेल्या दोन्ही उदाहरणांचा आशय एकच आहे : एकात ऊर्जेची पट्टी चुकली, दुसऱ्यात काळाचे माप.

सौर घटनांची पूर्वसूचना : सौर प्रोटॉनांच्या बाबतीत १ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरील प्रोटॉनांचा स्रोत दर चौ. सेंमी.ला, दर सेकंदाला व दर स्टेरेडियन घनकोनाला १० च्या वर गेला की घटना सुरू झाली असे समजतात. १४ जुलै २००० रोजी अशा एका घटनेत सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाच्या प्रतिमांवर प्रोटॉनांमुळे हिमवर्षाव झाल्यासारखे पांढरे ठिपके उमटले. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, पण प्रत्येक ज्वालेबरोबर प्रोटॉन येतातच असे नाही. त्यामुळे प्रकाशावरून दिलेले इशारे पुष्कळदा फुकट जातात. सोहोवरील ‘एफिन’च्याच भावंडाने घेतलेल्या नोंदींवरून २००७ मध्ये असे दाखविण्यात आले की, वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या आधी येतात व त्यांच्या वाढीवरून तासाभरापर्यंतची पूर्वसूचना देता येते. उपकरणाचा दाब उतरविण्यास, झडप लावण्यास एवढा अवधी पुरेसा असतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले व ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वी-सूर्य यांमधील पहिल्या लाग्रांझ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलेले आदित्य-एल१ हे भारतीय यानही सौर वाऱ्यातील व त्याहून अधिक ऊर्जेचे कण मोजते; त्यावरील यासंबंधीचे एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केले आहे.

कवच का पुरत नाही : सर्व उपग्रह जाड पत्र्याने मढविले, तर निरीक्षणाची गरजच उरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन सु. २ मिमी. ॲल्युमिनियमात थांबतो, १० कोटींच्या प्रोटॉनास सु. ३७ मिमी. लागते. अवकाशात नेण्याच्या प्रत्येक किलोग्रॅमचा खर्च पाहता हे परवडणारे नाही. शिवाय इलेक्ट्रॉन थांबताना क्ष-किरण निर्माण करतात व शिशासारख्या जड धातूत ते अधिकच निघतात. दूरदर्शकाला तर उघडे तोंड ठेवावेच लागते.

मापक व बाधित घटक यांतील अंतर मिटविण्याचा सरळ मार्ग म्हणजे बाधित होणारा घटकच मापक म्हणून नेणे. गुरूच्या यूरोपा या उपग्रहाकडे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या यूरोपा क्लिपर या यानाच्या बाबतीत तसे घडले. गुरूचे प्रारण पट्टे पृथ्वीच्या पट्ट्यांहून कितीतरी तीव्र आहेत. उड्डाणास काही महिने उरले असताना यानात बसविलेल्या एका जातीचे ट्रँझिस्टर अपेक्षेपेक्षा कमी मात्रेत खराब होतात असे लक्षात आले. ते बदलावयाचे तर यान उघडावे लागले असते. चाचण्यांअंती असे दिसले की, तीव्र पट्ट्यांतील फेऱ्यांच्या मधल्या अवधीत हे घटक पुष्कळसे सावरतात. यान आहे तसेच पाठविण्याचा निर्णय झाला, पण त्याबरोबर त्याच जातीच्या ट्रँझिस्टरांची एक पेटीही बसविण्यात आली. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून तिला ‘कॅनरी पेटी’ असे नाव मिळाले. यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचावयाचे असून तेथील प्रत्येक फेरीनंतर या पेटीतील घटक कितपत सरकले हे पाहून मुख्य मंडलांच्या स्थितीचा अंदाज बांधण्यात येणार आहे.